बुद्ध्यंक ८८ आणि कोरं राहिलेलं मागचं पान

पार्श्वभूमी

मी शाळेत समुपदेशक आहे. हे प्रकरण साधारण दीड वर्ष चाललं. मुलाचं नाव देत नाहीये, ओळख पटेल असं बाकी बरंच बदललंय आणि स्कोअर पण एखाद-दोन गुणांनी इकडेतिकडे केलेत. पालकांना विचारूनच लिहितेय.

मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. तोंडी विचारलं की उत्तर यायचं, आणि नुसतं उत्तर नाही तर का ते पण सांगायचा. तेच पेपरात मात्र उमटायचं नाही. वह्या कायम अर्ध्या, गणितात २५ पैकी ९, भाषेत १०, प्रत्येक प्रगतिपुस्तकावर "अभ्यासात लक्ष नाही" हा शेरा ठरलेला. त्याच्या फाइलमध्ये आधीच्या शाळेतून आलेला एक कागद होता, चौथीत असताना सगळ्या वर्गाची मिळून एक बुद्धिमापन चाचणी झाली होती त्याचा. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलेलं: बुद्ध्यंक ८८ (सरासरी १०० धरतात). त्यानंतर जो कोणी ती फाइल उघडायचा तो आधी तो आकडा वाचायचा आणि मग मुलाकडे बघायचा. मीसुद्धा.

माझं त्याच्याकडे नीट लक्ष गेलं ते एका कपाटामुळे. माझ्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडत नव्हतं, किल्ली आत जायची पण फिरायची नाही, दोन शिक्षक जोर लावून थकले होते. हा वही द्यायला आलेला, दारात उभा राहून बघत होता, मग म्हणाला, "मॅडम, किल्लीत काही नाहीये. दार खाली बसलंय. थोडं वर उचला आणि मग फिरवा." उचललं, फिरवलं, उघडलं. त्याने बिजागरीकडे बोट दाखवलं, वरचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता. आम्ही तिघं कुलपाकडे बघत होतो आणि हा पूर्ण कपाटाकडे बघत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हटलं की ८८ मध्ये काहीतरी गडबड आहे.

प्रॉब्लेम नेमका काय होता

शाळेला त्याला सावकाश शिकणाऱ्या मुलांच्या तुकडीत टाकायचं होतं. सत्र संपायच्या आत निर्णय हवा होता आणि माझं मत मागितलं होतं. वडिलांनी मनाची तयारी करून टाकली होती, "आकडाच तसा आहे, मग त्याला उगाच का पिळायचं". आई बरोब्बर उलट. तिने बहुविध बुद्धिमत्तेबद्दल वाचलं होतं आणि तिचं म्हणणं होतं की याची बुद्धी वेगळ्या प्रकारची आहे, हातातली आहे, तर लिहायला का लावता. वर्गशिक्षिका मधल्यामध्ये, वर्गात चाळीस मुलं, त्यांना एवढंच कळून हवं होतं की उद्या सकाळी याच्यासोबत नेमकं काय करायचं.

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण हे दोन्ही पालक नकळत शंभर वर्षं जुना वाद घरात घालत होते. १९०४ ला स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एका विषयात चांगली असणारी मुलं साधारण बाकीच्या विषयांतही चांगली असतात, म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी एक सामान्य क्षमता असावी, तिला तो 'जी' म्हणायचा. पुढच्याच वर्षी बिने आणि सिमोनने फ्रान्समध्ये पहिली चालती चाचणी केली, ती कशासाठी तर शाळेत कुणाला जास्तीची मदत लागेल ते ओळखायला. १९१२ मध्ये स्टर्नने मानसिक वय (मूल कुठल्या वयाच्या मुलांइतकं सोडवतं ते) भागिले प्रत्यक्ष वय असं गुणोत्तर मांडलं आणि पुढे त्यातूनच बुद्ध्यंक आला. बिने स्वतः मात्र बुद्धी जन्मभराची ठरलेली असते या म्हणण्याच्या विरोधात होता, हे आपण सोयीने विसरतो.

दुसऱ्या बाजूला १९३८ ला थर्स्टनने सात वेगवेगळ्या प्राथमिक क्षमता सांगितल्या, कॅटेलने प्रवाही आणि संचित असे दोन भाग केले (नवीन कोडं सोडवणं वेगळं आणि साठवलेलं ज्ञान वापरणं वेगळं), १९८३ मध्ये गार्डनरने सात बुद्धिमत्ता मांडल्या (आईने वाचलेली बहुविध बुद्धिमत्ता ती हीच) आणि नंतर निसर्गविषयक ही आठवी जोडली, १९८५ ला स्टर्नबर्गने विश्लेषक, सर्जनशील आणि व्यावहारिक अशी तीन अंगं सांगितली. वडील स्पिअरमनच्या बाजूने होते आणि आई गार्डनरच्या, आणि गंमत नाही, खरंच सांगते, दोघांच्या मध्ये मुलगा दिसेनासा झाला होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, जुना आकडा मानायचा आणि तुकडी बदलायची. हे सगळ्यात सोपं, पण कपाटाचं दार मला विसरता येत नव्हतं. शिवाय एकदा खाली गेलेलं मूल वर येणं फार अवघड असतं, तिथे अभ्यासच कमी दिला जातो, मग दोन वर्षांनी मूल खरोखरच मागे पडलेलं दिसतं आणि सगळे म्हणतात बघा, बरोबर होतं.

दुसरा, बहुविध बुद्धिमत्तेची चेकलिस्ट भरून घ्यायची आणि त्याच्या बळाप्रमाणे शिकवायचं. वीस मिनिटांचं काम, आई खूश, शिक्षिकांच्याही हातात काहीतरी पडतं.

तिसरा, एकट्याला बसवून घ्यायची पूर्ण चाचणी, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून. याला वेळ लागतो, पालक घाबरतात, आणि वडिलांना तर वाटत होतं की पुन्हा ८८ आला तर पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसेल.

चौथा, एक सत्र काही न करता फक्त निरीक्षण.

मी दुसरा निवडला. घाई होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं, मला ती कल्पना मनापासून आवडायची. प्रत्येक मुलात काहीतरी आहे, ते शोधा, हे ऐकायला किती बरं वाटतं.

पहिला प्रयत्न आणि तो कुठे फसला

चेकलिस्टमध्ये अपेक्षेप्रमाणे अवकाशीय आणि शारीरिक बुद्धिमत्ता सगळ्यात वर आली, भाषिक तळाला. शिक्षिकांनी मनापासून अंमलात आणलं. धड्याचं उत्तर लिहायच्या ऐवजी चित्र काढ, निबंधाऐवजी मॉडेल बनव. पहिले तीन आठवडे तो खुलला, हसायला लागला, मला वाटलं जमलं.

दोन महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा मी सहज विचारलं, ग्रंथालयातून सध्या काय आणलंयस. म्हणाला, "मी नाही आणत आता. मी चित्रवाला आहे ना, वाचायचं-लिहायचं माझं नाहीये."

हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. लाल पेनाचा ८८ पुसायला निघालेले मी, आणि त्याच्या जागी हिरव्या पेनाने दुसरा शिक्का मारून ठेवला होता. पहिला म्हणत होता तुला कमी आहे, माझा म्हणत होता तुला हे आहे आणि ते नाही. त्याने दोन्ही तितक्याच प्रामाणिकपणे मानले.

मग मी शांतपणे ती चेकलिस्ट परत वाचली. "मला गोष्टी लिहायला आवडतात", "मला वस्तू खोलून बघायला आवडतात", असे सगळे प्रश्न. ज्याला लिहिताना त्रास होतो तो आवडतं म्हणून कशाला सांगेल? म्हणजे ती आवड मोजत होती आणि मी क्षमता मोजली असं धरून चालले होते. आणि बुद्धीच्या प्रकाराप्रमाणे शिकवायची पद्धत बदलली की मूल जास्त शिकतं, हेही तितकं सरळ नाही. शिकण्याच्या शैलींवरच्या (कुणी बघून जास्त शिकतं, कुणी ऐकून, ही कल्पना) संशोधनाचा पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेतला तेव्हा शैलीप्रमाणे शिकवण्याला आधार देईल असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. स्वतः गार्डनरसुद्धा सांगत आलाय की त्याच्या बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत. मला हे माहीत होतं. परीक्षेपुरतं माहीत होतं म्हणा, समोर मूल आल्यावर आठवलं नाही.

फाइलचं मागचं पान

त्याच आठवड्यात मी ती जुनी फाइल पुन्हा काढली आणि या वेळी पहिला कागद उलटून मागे बघितलं. उत्तरपत्रिका तिथेच लावलेली होती, दोन वर्षं. ६० प्रश्न, ३० मिनिटं, प्रत्येक उत्तराला पेन्सिलने गोल भरायचा. त्याने ३३ सोडवलेले, त्यातले ३० बरोबर. चौतिसाव्यापासून पुढे सगळं पान कोरं. आणि सोडवलेले गोल इतके घट्ट आणि नेटके भरलेले की कागद मागून उमटला होता, एकही रेषा वर्तुळाबाहेर नाही.

मी बराच वेळ ते पान बघत बसले. ज्याला येत नाही तो अंदाजे काहीतरी भरतो, शेवटी शेवटी घाईघाईत खुणा करतो. हा तसा नव्हता. याला येत होतं, वेळ संपली होती. ८८ हा आकडा चुकीचा मोजलेला नव्हता, बेरीज बरोबर होती, फक्त त्यात डोकं किती चालतं आणि पेन्सिल किती चालते हे दोन्ही एकत्र कालवलेलं होतं आणि ते वेगळं करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पूर्ण चाचणी

आता तिसरा पर्याय घेतला. वडिलांना ते कोरं पान दाखवलं, त्याशिवाय ते तयार झाले नसते. आधी डोळे तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग वेक्सलरची मुलांसाठीची चाचणी, पाचवी आवृत्ती जी २०१४ ला आली. ही एकट्या मुलासोबत समोर बसून घेतात, दोन बैठकांत झाली. ती एक एकूण बुद्ध्यंक देते पण त्याच्यासोबत पाच वेगळे निर्देशांक देते, प्रत्येकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ (म्हणजे साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात).

भाषिक आकलन ११६. दृश्य-अवकाशीय १२६. प्रवाही तर्क ११८. वर्किंग मेमरी (ऐकलेलं-बघितलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरणं) ९४. प्रोसेसिंग स्पीड (सोपं काम बघून झटपट कागदावर करण्याचा वेग) ७६.

७६ म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण पाच-सहाच मुलं त्याच्या खाली. १२६ म्हणजे साधारण ९६ खाली. एकाच मुलात, एकाच आठवड्यात. आणि बघा, चेकलिस्टने तळाला टाकलेली भाषा प्रत्यक्षात ११६ होती! शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, हे सगळं तोंडी विचारतात, तिथे तो घडाघडा बोलला. मी त्याला भाषेपासून दोन महिने लांब ठेवलं होतं.

एकूण बुद्ध्यंक १०८ च्या आसपास आला. पण पाच निर्देशांकांत ५० गुणांची दरी असेल तर तो १०८ कुणाचाच नसतो, एक पाय गरम पाण्यात आणि एक बर्फात ठेवून सरासरी कोमट म्हणण्यासारखं आहे ते. अशा वेळी स्मृती आणि वेग बाजूला ठेवून काढलेला सामान्य क्षमतेचा निर्देशांक बघतात, तो साधारण १२० होता. इथे एक सांगायला हवं, की पहिले तिघं एकत्र वरच आले, म्हणजे स्पिअरमनचं म्हणणं टाकाऊ नाहीच, क्षमता एकमेकींचा हात धरूनच चालतात. कॅरोलने १९९३ मध्ये ४६० पेक्षा जास्त डेटासेट नव्याने तपासून तीन थरांची रचना मांडली, वर एक सामान्य क्षमता, मधे आठ-एक व्यापक क्षमता, खाली बारीक बारीक कितीतरी. आजच्या चाचण्या बऱ्याच अंशी त्याच विचारावर उभ्या आहेत. आई-वडील दोघंही अर्धे अर्धे बरोबर होते.

वडिलांनी विचारलं, "मग मॅडम, खरा कुठला? ८८, १०८ की १२०?" प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, तिन्ही खरे आहेत, प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा विचारला होता. चौथीत विचारलं, ३० मिनिटांत पेन्सिलने किती होईल. आता विचारलं, घाई नसेल तर किती समजतं. शाळेत त्याला दोन्ही लागणारच, म्हणून १२० ला धरून बसू नका. त्यांनी मान डोलावली, पण पुढच्याच महिन्यात कळलं की नातेवाइकांत "आमचा मुलगा १२६" असं सांगणं सुरू झालंय. ते मला पूर्ण थांबवता आलं नाही.

काय केलं

मुलाला काय सांगायचं यावर मी आणि चाचणी घेणाऱ्या बाई तासभर बोललो. आकडे द्यायचे नाहीत असं ठरवलं. मी कागदावर पाच पट्ट्या काढल्या, चार उंच-मध्यम आणि एक बुटकी, आणि सांगितलं की तुला समजतं पटकन, पण बघून हाताने कागदावर उतरवायला तुला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्याने बुटक्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्हणूनच फळा पुसतात तेव्हा माझं अर्धंच झालेलं असतं." दोन वर्षं त्याला वाटत होतं की बाकीची मुलं जास्त मेहनत घेतात.

मग कामं वाटून घेतली. व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी पेन्सिलची पकड आणि हाताच्या बारीक हालचालींमधली अडचण सांगितली आणि आठवड्यातून एकदा सराव सुरू केला. फळ्यावरून उतरवणं बंद, छापील टिपणं द्यायची. घरी टायपिंग शिकायचं. गणितात उदाहरणं निम्मी, पण सोपी नाहीत, उलट अवघड त्यातली. आणि लिहिणं माफ अजिबात नाही. चित्र काढायचं असेल तर आधी काढ, मुद्दे सुचायला, मग त्यावरून लिही, लांब असेल तर टाइप कर. ही अट आईला सुरुवातीला जाचक वाटली, पण मला त्या "चित्रवाला" शब्दाची धास्ती बसली होती.

जास्तीच्या वेळेवरून अडलं. गणिताच्या सरांचा मुद्दा होता की एकालाच वेळ देणं बाकीच्यांवर अन्याय. वाद न घालता मी सुचवलं की एकदा सगळ्यांनाच देऊन बघू. घटक चाचणीत ठरलेली वेळ झाल्यावर सगळ्या वर्गाला निळी पेनं खाली ठेवायला लावली, हिरवी वाटली, आणि अजून १५ मिनिटं दिली. बहुतेक मुलांनी इकडेतिकडे बघून वेळ काढला, कुणाचा एक गुण वाढला, कुणाचा काहीच नाही. याचे निळ्यात ११ होते, हिरव्यासकट २०. सरांनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याला द्या वेळ, माझी हरकत नाही." माझ्या दहा रिपोर्टांनी झालं नसतं ते दोन रंगांच्या पेनांनी झालं.

निकाल

तुकडी बदलली नाही. आठ महिन्यांनी गणितात तो वर्गाच्या वरच्या पाव भागात होता. भाषेत १० वरून १५ वर आला, लिहितो कमी पण जे लिहितो ते वाचावंसं वाटतं. हस्ताक्षर थोडं सुधारलं, वेग जवळजवळ तेवढाच आहे आणि कदाचित तसाच राहील, आम्ही त्याच्याभोवती रस्ता काढलाय इतकंच. ग्रंथालयात परत जायला लागला, याला मात्र बरेच महिने लागले. गटात काम करताना अजून मागे मागे राहतो, आई म्हणते याची भावनिक बुद्धिमत्ता कमी असेल का. मी सध्या नको म्हटलंय. सॅलोवे आणि मेयरने १९९० मध्ये ती संकल्पना मांडली ती भावना ओळखण्याच्या, वापरण्याच्या क्षमतेबद्दल होती, आणि हे मूल समोरच्याचा चेहरा चांगलं वाचतं. गटात सगळे झटपट लिहून मोकळे होतात आणि याची पाळी येईपर्यंत काम संपलेलं असतं, मला तरी ते तसंच दिसतं. अजून एक पट्टी काढायच्या आधी गटातलं काम कसं वाटतात ते बदलून बघतोय.

आता करायचं तर वेगळं काय करेन

चेकलिस्ट काढणारच नाही, निदान निर्णयासाठी नाही. गप्पा सुरू करायला ठीक आहे. आणि कुठलाही जुना आकडा हातात आला की पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारेन: चाचणी एकट्याची होती की गटाची, वेळ लावून होती का, उत्तर तोंडी द्यायचं होतं की लिहून. मूळ उत्तरपत्रिका मिळाली तर स्कोअरच्या आधी ती बघेन. हे पाच मिनिटांचं काम मी चार महिने उशिरा केलं, त्यातले दोन महिने त्या मुलाने वाचन सोडलं होतं.

वडिलांना निर्देशांकांचे आकडे त्या पद्धतीने दिले तेही चुकलंच. त्यांना पण आधी पट्ट्याच दाखवायला हव्या होत्या, आणि हे सांगायला हवं होतं की प्रत्येक स्कोअर हा एक नेमका बिंदू नसून मागेपुढे थोडी जागा असलेला पट्टा असतो. रिपोर्ट घरी गेला की तो आपला राहत नाही.

हिरव्या पेनाच्या त्या चाचणीत अजून दोन मुलींचे गुण पाच-सहाने वाढले होते. दोघीही कधी माझ्याकडे आलेल्या नाहीत, सरासरी गुण, शांत, कुणाची काही तक्रार नाही. एकीच्या घरच्यांनी चाचणीला नको म्हटलंय, तिच्या शिक्षिकांसोबत मी फक्त छापील टिपणांवर भागवतेय. दुसरीची पहिली बैठक येत्या गुरुवारी आहे.